‘आर्मीचं मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं तर: नव्या समन्वयकांसाठी

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये नुकतेच रुजू झालेले, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेले, किंवा एखाद्या महिला संस्थेत समुपदेशनाचं काम हाती घेतलेले असे जे कुणी मराठवाड्यात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बलात्काराच्या, छळाच्या प्रकरणांचं काम तुम्हाला हळूहळू अंगवळणी पडेल. पण त्यात फौजेचा संबंध आला की मुरलेल्या माणसांचाही हात आखडतो. ठाण्यात सांगतात, आर्मीचं मॅटर आहे, युनिटला जा. युनिटच्या गेटवर सांगतात, पोलिसांत जा. दवाखान्यात विचारतात, पोलिसांचं पत्र कुठंय? तीन ठिकाणी तीच हकीकत सांगून बाई घरी जाते आणि पुन्हा येत नाही. ही फरपट थांबवणं हेच तुमचं काम.

अमेरिकेच्या सैन्यात यासाठी २००५ पासून स्वतंत्र समन्वयक नेमलेले असतात. पीडित सैनिकाने त्यांना गाठलं की पुढची सगळी जुळवाजुळव ते करतात. वरिष्ठांना न कळवता फक्त उपचार आणि समुपदेशन घेण्याची सोयही तिथे आहे. आपल्याकडे हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे. रुग्णालय आरोग्य खात्याचं, ठाणं गृह खात्याचं, वन स्टॉप सेंटर महिला व बालविकासचं, वकील विधी सेवा प्राधिकरणाचा आणि युनिट संरक्षण मंत्रालयाचं. यांची एकमेकांशी गाठ घालून देणारं माणूस तुम्ही.

आपल्याकडे येतं कोण

छावणी म्हटलं की संभाजीनगर डोळ्यांसमोर येतं. तिथे घरकामाला जाणाऱ्या बायका, कंत्राटी कर्मचारी, शेजारच्या वस्तीतल्या मुली यांची प्रकरणं येतात हे खरं. पण मराठवाड्यातलं दुसरं चित्र वेगळं असतं. मुलगी बीडची, धाराशिवची किंवा मुखेडची, नोकरी मात्र हजार किलोमीटरवर. महिला मिलिटरी पोलिसांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली, तेव्हापासून शिपाई म्हणूनही मुली फौजेत आहेत. आता अग्निवीर म्हणून जातात. घटना तिकडे घडते आणि फोन इकडे आईला येतो.

याशिवाय फौजीची बायको असते, कॉलेजातली एनसीसी कॅडेट असते, आणि भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या खासगी अकादमीत राहणारी मुलगी असते. या शेवटच्या प्रकाराबद्दल आधीच सांगून टाकतो. लातूर, बीड, परभणीकडे अशा अकादम्या पुष्कळ आहेत. नावात ‘सैनिक’ किंवा ‘करिअर’, फाटकावर रंगवलेला रणगाडा, शिकवणारा निवृत्त सुभेदार. पण लष्कराशी त्या अकादमीचा काडीचा संबंध नसतो. तिथे जे घडेल ते साधं फौजदारी प्रकरण, आणि मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा. तिथे कुणी तुम्हाला ‘आर्मी’ म्हणून थोपवू लागला तर दोन मिनिटंही ऐकून घेऊ नका.

पहिला फोन

फोन बहुतेक वेळा तिचा नसतो. आईचा, बहिणीचा, कधी मैत्रिणीचा. समोरचं माणूस एकतर भडाभडा बोलत सुटतं, नाहीतर नुसतंच हुंदके देतं. तुम्हाला हवं असतं थोडंच: ती आत्ता कुठे आहे, तिथे तिला धोका आहे का, घटनेला किती वेळ झाला आणि वय काय. काय घडलं, कसं घडलं हे फोनवर खोदून विचारू नका. ते तिने एकदाच आणि नीट नोंदवायचं असतं, योग्य माणसासमोर. धोका असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१. वय १८ च्या आत असेल तर १०९८, आणि अशा वेळी पोलिसांना कळवणं ऐच्छिक राहत नाही, पॉक्सोच्या कलम १९ ने ते बंधनकारक आहे.

ती स्वतः बराकीतून बोलत असेल तर बाजूला कुणीतरी असतंच असं धरून चाला. ‘बोलता येतंय का?’ हा पहिला प्रश्न, आणि पुढचे प्रश्न असे की तिला ‘हो’, ‘नाही’, ‘संध्याकाळी’ एवढ्यात उत्तर देता यावं. पलीकडच्याला वाटलं पाहिजे की घरच्या कुणाशी तरी बोलतेय. पुन्हा फोन कधी करायचा हे तिने ठरवायचं. तुम्ही उत्साहाने रात्री दहाला फोन लावलात तर बराकीत सगळ्यांना समजतं.

घरच्यांना एक गोष्ट तिथल्या तिथे सांगायची असते. आई हमखास म्हणते, ‘सोड ती नोकरी, निघून ये.’ माय म्हणून तिचं काही चुकत नाही, पण रजा न घेता निघून येणं हा आर्मी अॅक्टखाली गुन्हा आहे. मुलगी गावी पोचते आणि मग तिच्या तक्रारीची नाही, तिच्या गैरहजेरीची चौकशी सुरू होते. त्यापेक्षा तिने आजारी रिपोर्ट करावं, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टरांना भेटावं, रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याचा फोटो घरी पाठवून ठेवावा. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी बाहेर पडायचं, जवळचं पोलीस ठाणं किंवा सरकारी रुग्णालय गाठायचं आणि आपण कुठे आहोत ते तिथूनच युनिटला लेखी कळवायचं.

आधी दवाखाना, मग बाकीचं

नवीन माणूस हमखास आधी तक्रार लिहायला बसतो. कागद थांबू शकतो, शरीर थांबत नाही. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी पहिल्या ७२ तासांत जास्त उपयोगी पडते, पाच दिवसांपर्यंत देता येते. शरीरावरचे नमुने केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत घेतले जातात. ही मुदत उलटली म्हणून दवाखाना टाळायचा नाही. जखमा, संसर्ग, गर्भ राहिला आहे का, हे सगळं तपासायचं असतंच.

उपचारांना पोलिसांचं पत्र लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि फुकट उपचार द्यायचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तेच सांगतं. नाकारणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. अपघात विभागाच्या खिडकीवर आवाज चढवण्यापेक्षा कलमाचा आकडा शांतपणे उच्चारलेला जास्त कामी येतो. डॉक्टर पोलिसांना कळवतील, ते त्यांचं कर्तव्य आहे. पण बाईला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार तसा नोंदवून घेतला जातो आणि उपचार चालूच राहतात. तपासणीतल्या प्रत्येक टप्प्याला ती हो किंवा नाही म्हणू शकते.

आपल्याकडे संभाजीनगरला घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय महाविद्यालय, लातूर आणि अंबाजोगाईची महाविद्यालयं, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय. किनवट किंवा भोकरदनहून रात्री निघायचं असेल तर आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पहिली औषधं सुरू करून घ्या आणि १०८ ने पुढे हलवा. मोठ्या दवाखान्याची वाट बघत औषधांची वेळ घालवू नका. छावणीत मिलिटरी हॉस्पिटल आहे आणि तिथले डॉक्टर काही कमी नाहीत. तरी आरोपी त्याच स्टेशनवरचा असेल तर माझा कल घाटीकडे असतो. कागद दुसऱ्या खात्याकडे राहिले की नंतर कुणाला शंका घ्यायला जागा उरत नाही.

कपड्यांचं काय करायचं हे नीट समजून घ्या, कारण इथेच घोळ होतो. त्या वेळचे कपडे, आतले धरून, एकेक वेगळे ठेवायचे, ओले असतील तर सावलीत वाळवून, कोऱ्या खाकी कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा साचतो, बुरशी धरते आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. आईने धुवायला टाकले असतील तर आहेत तसे काढून घ्या, धुऊन झाले असतील तरी सोबत न्या. आंघोळ झाली असेल तर ‘का केलीस?’ म्हणून तिला टोचू नका, डॉक्टरांना फक्त तसं सांगा. पाकिटं सीलबंद झाली, त्यावर सही-तारीख पडली आणि पोलिसांनी ती ताब्यात घेतल्याची नोंद झाली, एवढं बघून मगच तिथून हला. इथल्या ठाण्यांचे नमुने पुढे संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, तिथला आवक क्रमांक तपास अधिकाऱ्याकडून मागून ठेवा.

आणि ‘दोन बोटांची चाचणी’. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चुकीची ठरवली, २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं बजावलं. मधल्या काळात, २०२१ ला, कोइमतूरच्या हवाई दलाच्या महाविद्यालयातल्या एका महिला अधिकाऱ्याने आपली अशी तपासणी हवाई दलाच्या डॉक्टरांनी केल्याचा आरोप केला होता. तेव्हा मोठं, शिस्तीचं हॉस्पिटल आहे म्हणून गाफील राहू नका. तपासणीच्या खोलीत बाईसोबत तिच्या विश्वासाची स्त्री असू शकते, ती आत जाईल असं बघा.

प्रकरण कुणाच्या अखत्यारीत: दोन प्रश्न

आता तो ‘आर्मीचं मॅटर’वाला गुंता. पीडित व्यक्तीला लष्करी कायदा लागू आहे का, आणि घटना कुठे घडली, या दोन प्रश्नांनी तो बराचसा सुटतो.

आरोपी जवान किंवा अधिकारी आणि पीडित साधी नागरिक असेल, तर आर्मी अॅक्ट १९५० चं कलम ७० स्पष्ट आहे: बलात्काराचा असा खटला कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालत नाही, साध्या फौजदारी न्यायालयात चालतो. अपवाद सक्रिय सेवेचा, देशाबाहेरचा किंवा केंद्राने ठरवून दिलेल्या सीमेवरच्या ठाण्याचा. संभाजीनगरच्या छावणीतल्या घरकामवालीला यातला एकही अपवाद लागू होत नाही. छावणी हद्द म्हणजे परका मुलूख नव्हे, तिथे छावणी पोलीस ठाणं शहर पोलिसांचंच आहे. मिलिटरी पोलीस एफआयआर नोंदवू शकत नाहीत.

फौजीची बायको, मुलगी, एनसीसी कॅडेट, युनिटमध्ये कामाला असलेली कंत्राटी बाई या सगळ्या इथे नागरिकच. एनसीसी युनिटमधला हवालदार लष्करी कायद्याखाली येतो, कॅडेट येत नाही.

पीडित स्वतः फौजेत असेल तर दोन्ही रस्ते उघडे असतात. फौजदारी न्यायालयही चालतं, कोर्ट मार्शलही. निवड कुणी करायची हे कलम १२५ मध्ये आहे, ती लष्कराच्या वरिष्ठ कमांडच्या हातात असते, आणि दंडाधिकाऱ्याला खटला पुढे नेण्याआधी लष्कराला कळवावं लागतं. कोइमतूरच्या त्या प्रकरणात गुन्हा तमिळनाडू पोलिसांनी नोंदवला, अटकही त्यांनी केली, आणि नंतर न्यायालयाने आरोपीला हवाई दलाच्या हवाली केलं. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रकरण वर्ग झालं की तिला वाटतं सगळं संपलं. पण त्यातून एक उलटा अर्थ काढू नका. खटला पुढे कुठेही जावो, एफआयआर पोलिसांनीच नोंदवायची असते आणि ती टाळायला कलम १२५ कामाला येत नाही.

कोर्ट मार्शलला मुदत आहे, कलम १२२ प्रमाणे तीन वर्षं. ‘आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी होऊ द्या’ म्हणत महिने निघून जातात, आणि ती इन्क्वायरी म्हणजे काही खटला नव्हे, लष्कराची अंतर्गत विचारपूस आहे. ती चालू द्या. एफआयआर तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

पोलीस ठाणं

घटना कुठेही घडलेली असो, एफआयआर तुमच्या गावच्या ठाण्यातही देता येते, शून्य क्रमांकाने. ते ठाणं ती हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही तक्रार पाठवता येते, पण मग तीन दिवसांत सही करावी लागते. सुट्टीवर आलेली मुलगी गेवराईत एफआयआर देते आणि ती जम्मूकडच्या ठाण्याला जाते, असं होऊ शकतं. इथे तुम्ही एक बारीक काम करायचं: मराठीतल्या एफआयआरचं हिंदी भाषांतर वेळेत आणि बिनचूक करून घ्यायचं. तिकडचा तपास अधिकारी मराठी वाचणार नाही आणि कच्च्या भाषांतरातला एखादा चुकीचा शब्द उलटतपासणीत तिच्या अंगावर येतो. तक्रार मात्र तिच्या बोलीत, तिच्याच शब्दांत लिहिली गेली पाहिजे. हवालदाराने ‘वाईट कृत्य केले’ असं सोज्वळ लिहून टाकलं तर ते वाचून दाखवायला सांगा आणि दुरुस्त करून घ्या.

जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, बाईच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, आणि सोबत आईवडील, नातेवाईक किंवा समाजसेविका असू शकते. ती समाजसेविका म्हणजे तुम्ही. तुम्ही बोलायचं नाही, बसायचं. यानंतर दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब लवकरात लवकर व्हावा म्हणून पाठपुरावा करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, तिथेही नाही तर दंडाधिकारी. अशा गुन्ह्याची नोंद न करणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा आहे. नाकारल्याची वेळ, अधिकाऱ्याचं पद आणि त्याने नेमके काय शब्द वापरले ते तिथेच लिहून ठेवा.

बाई अनुसूचित जाती-जमातीतली असेल आणि आरोपी त्यातला नसेल तर अॅट्रॉसिटीचं कलम पहिल्याच एफआयआरमध्ये लागलं पाहिजे. नंतर लावायचं म्हटलं की वर्ष जातं. त्याचं अर्थसहाय्य समाजकल्याण कार्यालयातून टप्प्याटप्प्याने मिळतं, तेव्हा जातीचा दाखला फाईलमध्ये हवा. मराठवाड्यात काम करायचं तर याचा विसर पडून चालत नाही.

युनिटशी बोलणं

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फौजेलाही लागू आहे. अंतर्गत समिती असते, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तिला किंवा आरोपीला दुसरीकडे हलवावं, तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी अशी मागणी कलम १२ खाली करता येते. या मागणीत ‘आरोपीची बदली करावी’ हे आधी लिहा. नाहीतर सोय म्हणून तिलाच उचलून कुठेतरी टाकतात आणि युनिटभर त्याचा अर्थ काय लावायचा तो लावला जातो. ही समिती बलात्काराचा निवाडा करत नाही. दोन्ही वाटा एका वेळी चालू ठेवायच्या.

अधिकाऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकारी कार्यालयातून तिचा पत्ता मिळतो.

युनिटला फोन करताना ‘साहेब, जरा बघा ना’ या सुरात नको, दमदाटीच्या सुरातही नको. तिच्या लेखी संमतीने, कमांडिंग ऑफिसरच्या नावे, एका पानाचं पत्र पाठवा: एफआयआर क्रमांक, कोणती मदत हवी, कुणाशी संपर्क ठेवायचा. घटनेचं वर्णन त्यात नको. फौजेत कागदाला किंमत आहे, पत्राची पोच मिळाली की हालचाल होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांना पत्रव्यवहारात मदत करतं, आणि नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२५ च्या वीर परिवार सहायता योजनेने अशा कार्यालयांना विधी सेवेशी जोडून दिलंय. तिथे बसलेला माजी सैनिक युनिटची भाषा जाणतो, त्याचा उपयोग करून घ्या. पण तोच तिच्या गावचा, भावकीतला निघाला तर थांबा, आधी तिला विचारा.

बढती रोखली, सेवेतून काढलं असं काही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई पीठ आहे. बदली आणि पोस्टिंगचा वाद मात्र त्या कक्षेत येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. नवे वकील इथे चुकीचं दार ठोठावतात.

अग्निवीर मुलीची भीती आणखी वेगळी असते. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होतात, मग तक्रारदाराला कोण ठेवील? ‘तसं काही होणार नाही’ अशी खोटी हमी देऊ नका. तक्रारीच्या आधीचे तिचे शेरे, गुण, प्रमाणपत्रं यांच्या प्रती घरी सुरक्षित ठेवायला सांगा. पुढे तक्रारीनंतरच कामगिरी घसरल्याचं दाखवलं गेलं तर हेच कागद बोलतात.

पुरुष जवान असेल तर

हेही येतं, आणि इथे कायदाच तोकडा पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, तिच्यासोबत कलम ३७७ ही गेलं, आणि नव्या संहितेत सज्ञान पुरुषावरच्या बलात्काराला स्वतंत्र कलम नाही. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं लावावी लागतात. त्यामुळे जवानाच्या बाबतीत आर्मी अॅक्टचं कलम ४६ महत्त्वाचं ठरतं. क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वरिष्ठच आरोपी असेल तर कलम २६ खाली त्याच्याही वरच्याकडे दाद मागता येते. ७२ तासांची औषधं त्यालाही तेवढीच लागतात. वन स्टॉप सेंटर महिलांसाठी आहे म्हणून त्याला दारातून परत पाठवू नका, जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांशी आणि विधी सेवेच्या वकिलाशी गाठ घालून द्या. तो ‘माझ्या मित्राचं असं झालंय’ म्हणून सुरुवात करील. त्या मित्राबद्दलच बोलत राहा.

फौजीची बायको

नवऱ्यानेच जबरदस्ती केली तर, बायको सज्ञान असल्यास, आपला कायदा त्याला अजून बलात्कार म्हणत नाही. ते कितीही खटकलं तरी तिला तसंच सांगावं लागतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचार येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पोटगी नवऱ्याच्या पगारातून परस्पर कापून देण्याची तरतूद आर्मी अॅक्टमध्ये आहे, त्यासाठी तिने युनिटकडे अर्ज करायचा. क्वार्टर सोडावं लागेल या धास्तीने बायका गप्प बसतात, म्हणून निवाऱ्याचं आधी बोला.

निवारा, वकील, पैसा

वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे शासकीय निवारागृह. वकील फुकट: विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन लावा. महाराष्ट्रातल्या घटनेसाठी राज्याची मनोधैर्य ही अर्थसहाय्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, रक्कम प्रकरणाच्या गंभीरतेनुसार कमाल दहा लाखांपर्यंत. बाहेरच्या राज्यातली घटना असेल तर त्या राज्याची पीडित भरपाई योजना बघायची. गर्भ राहिला असेल आणि तिला नको असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कार पीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धावावं लागतं, म्हणून पाळी चुकली का हा प्रश्न लाजून टाळू नका.

मनाच्या उपचारांबद्दल एक अडचण फौजेपुरती आहे. लष्करात वैद्यकीय श्रेणी ठरवताना मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विचार होतो, आणि मानसोपचाराची नोंद झाली तर श्रेणी घसरेल, पोस्टिंग जाईल अशी धास्ती असते. ती निराधार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. नागरी समुपदेशकाशी बोलणं, सेंटरमधल्या ताईंशी बोलणं हेही मार्ग आहेत. झोप उडालीय, जीव नकोसा झालाय असं ती म्हणाली तर मात्र श्रेणीबिणी बाजूला, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

तुमची फाईल

प्रत्येक प्रकरणाला एक कागद ठेवा. त्यावर तारीख, वेळ, कुठे गेलो, कोण भेटलं, काय कागद दिला, काय मिळाला, पुढची तारीख. घडलेली हकीकत त्यावर लिहू नका. तुमची वही न्यायालयात मागवली जाऊ शकते, आणि तुम्ही घाईत लिहिलेलं ‘साडेआठ’ तिच्या जबाबातल्या ‘नऊ’शी जुळलं नाही की बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. नावाऐवजी क्रमांक. व्हॉट्सअॅपवर कागदांचे फोटो फिरवायचे नाहीत, मग तो समूह फक्त सहकाऱ्यांचा का असेना.

न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नाव गाळलं म्हणजे झालं, असं नाही. ‘अमुक गावची, फौजेत गेलेली पहिली मुलगी’ एवढं छापलं की सगळ्या तालुक्याला कळतं. वार्ताहराचा फोन आला तर जिल्हा एवढंच सांगा, तेही गरज असेल तर. भरती झाली तेव्हा तिच्या सत्काराचं फ्लेक्स लागलेलं असतं, तिथेच गावाला तिची प्रत्येक हालचाल कळायची सवय लागलेली असते. म्हणून घरी जाताना सेंटरची पाटी असलेली गाडी वेशीबाहेर उभी करा.

पुढचे महिने

तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा असं नागरिक सुरक्षा संहिता म्हणते आणि प्रगती पीडितेला ९० दिवसांच्या आत कळवायची असते. तारखेला पोलिसांना आठवण करून द्या. रक्ताच्या फेरतपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडा, त्या हमखास चुकतात. दबाव येऊ लागला, गावात समेटाची बैठक बसली, आरोपीच्या बाजूचा निवृत्त साहेब घरी येऊन गेला, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा, विधी सेवेचा वकील तो करून देईल.

ती ड्यूटीवर परत गेली की प्रकरण तुमच्या जिल्ह्यातून बाहेर जातं. जाण्याआधी तिच्या नव्या ठिकाणच्या वन स्टॉप सेंटरला आणि विधी सेवा प्राधिकरणाला तिच्या संमतीने पत्र द्या, तिथल्या एका माणसाशी तिचं फोनवर बोलणं करून द्या, आणि सगळ्या कागदांचा एक संच तिच्याकडे, एक घरी, एक वकिलाकडे राहील असं बघा. इकडे न्यायालयाची तारीख लागली तर समन्स युनिटमार्फत जातं आणि रजा मिळायला वेळ लागतो, तेव्हा तारीख कळताच तिला आणि युनिटला दोघांनाही कळवा, पोच घ्या आणि ती फाईलला लावा.